तुळईवरची काच

सकाळी साडेआठच्या सुमारास त्या घरात पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं. आधी समोरच्या भिंतीवर, मग उतरून गुळगुळीत जमिनीवर, आणि तिथून उसळून छताच्या तुळईवर. मी सात वर्षांचा होतो तेव्हा ते तसंच यायचं आणि परवाच्या रविवारीही तसंच आलं. मधे घराचं हॉटेल झालं, दारावर पितळी पाटी लागली, स्वयंपाकघरातून फोडणीऐवजी लोण्यात भाजलेल्या पावाचा वास यायला लागला. उन्हाला त्यातलं कुणी काही कळवलेलं दिसत नाही.

मला तिथं संदीपनं नेलं. संदीप म्हणजे माझा नातजावई, पुण्याचा, इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आम्ही चार पिढ्या बेंगळुरात राहिलेली माणसं. आमचं मराठी ऐकून तो पहिल्यांदा हसलाच होता. के. आर. पुरमच्या आमच्या घरी सकाळीच आला आणि म्हणाला, "आजोबा, एक मस्त जुना बंगला आहे, आता हॉटेल केलंय. फक्त कॉफी घेऊ, लगेच परत." पत्ता ऐकला तेव्हाच मी ओळखलं, तोच बंगला. आठ वर्षांत मी त्या रस्त्यानं गेलो नव्हतो. घरच्यांना गुडघा दुखतो असं सांगत आलो होतो. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं.

फाटकातलं बटर फ्रूटचं, म्हणजे अवोकाडोचं, झाड तोडलेलं होतं. बाकी सगळं जागेवर. करड्या दगडाचं जोतं, पुढचा सोपा, आणि प्रत्येक खिडकीवर लाकडी पट्ट्यांची ती टोकदार टोपी. साहेबलोक तिला मंकी टॉप म्हणायचे, आम्ही गवंडी लोक माकडटोपी म्हणायचो. वारा सुटला की त्या पट्ट्यांतून शीळ वाजायची. मी लहान असताना मला वाटायचं, घर श्वास घेतंय. आता वाटलं, धरून ठेवलेला श्वास आहे.

आत मधल्या दालनात बसलो. दालनाच्या बरोबर मधे दगडी खांब आहे. मी खांबाकडे पाहिलं नाही. मी वर पाहिलं. तुळईवर एका ठिकाणी बोटभर काचेची पट्टी चिकटवलेली आहे, ऊन पडलं की ती चमकते. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मला नुसता एक पांढरा पुंजका दिसला, दिव्याभोवती धुकं असावं तसा. मी संदीपला म्हणालो, "वर बघ. काय चमकतंय? किती?"

"किती म्हणजे, आजोबा?"

"एक का दोन?"

तो बराच वेळ मान वर करून बसला. म्हणाला, "एक." मग मी खुर्चीला पाठ टेकली.

आमचं घराणं गवंड्यांचं. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही घरी आईनं गिरवून घेतलं म्हणून. पण या गावातल्या जुन्या बंगल्यांच्या निम्म्या गच्च्या माझ्या किंवा माझ्या अप्पांच्या हातच्या आहेत, आणि मी हे जन्मभर सांगत आलो. हा बंगला मूळ एका गोऱ्या अंमलदाराचा. त्याच्याकडून तो एका वकिलानं घेतला. वकिलाची सून पद्मम्मा, तेव्हा नवी नवरी होती. गच्ची गळत होती म्हणून अप्पांना बोलावलं, आणि अप्पांनी मला बरोबर नेलं.

जुनी गच्ची म्हणजे सिमेंट नव्हे. खाली सागवानी तुळई, तिच्यावर वासे, वाशांवर विटा तिरक्या उभ्या लावायच्या, आणि वर विटांच्या खडीचा नि चुन्याचा कोबा. चुन्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. ते मिश्रण मुरायला लागलं की जो वास सुटतो तो आंबट, गोड, तुरट, सगळं एकदम. आमच्या अंगाला तो सणासुदीलाही यायचा. मग बायका ओळीनं बसायच्या आणि लाकडी चोपण्यांनी कोबा चोपायच्या. एक दिवस नाही, आठ-आठ दिवस. चोपणी उसळी मारून परत यायला लागली की कोबा तयार. पुढं मुनियम्मा नावाची एक काळी, रुंद बाई बसायची. ती गाण्याची ओळ टाकायची, मागच्या ती झेलायच्या, आणि ओळीच्या शेवटी सगळ्या चोपण्या एकदम पडायच्या. घाई करायची म्हटली तर गाणं मोडायचं. गाणं मोडलं की कोबा बिघडला, असं अप्पा म्हणत.

मी खाली मधल्या खोलीत बसायचो. लाल गिलाव्याची जमीन, नारळाच्या शेंडीनं तेल घासून आरशासारखी केलेली. गाल टेकला की थंड. वरचे ठोके जमिनीतून दातांत यायचे. मला ते फार आवडायचं.

एके दिवशी गाणं थांबलं.

चहाला थांबतं तसं नव्हे. एक चोपणी थांबली, मग दुसरी, मग सगळ्या. शेवटी एकटी मुनियम्माचीच दोनदा वाजली आणि गप्प झाली. आणि मग वरून आवाज आला. मोठा नाही. ऊस मोडावा तसा. माझ्या हातावर पांढरी भुकटी पडली. मी वर पाहिलं तर आणखी पडत होती, अगदी सावकाश, उन्हातून. अप्पा जिन्यावरून धावत आले. अप्पांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्यांनी मला दंडाला धरून उचललं आणि सोप्यावर आणून टाकलं. त्या पकडीचं भय मला अजून दंडात सापडतं.

"बांबू मोडला," अप्पा म्हणाले. "परांचीचा."

अप्पा खोटं बोलत नसत. त्यामुळे बांबूच मोडला होता.

पुढचे तीन दिवस खोलीचं दार आतून बंद. मी पाण्याची घागर दाराशी नेऊन ठेवायचो, दार वीतभर उघडायचं, अप्पांचा हात घागर आत घ्यायचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यांना नव्हतं, लहानपणी फरशीखाली गेलेलं. चौथ्या दिवशी दार उघडलं तर खोलीच्या मधोमध भिंत उभी. एका खोलीच्या दोन झालेल्या. "पद्मम्मांना दोन खोल्या हव्या होत्या," अप्पा म्हणाले, आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चुन्यातलाच गूळ होता, हिरड्याची चव लागलेला.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगितली. लग्नात सांगितली, बाराव्यात सांगितली. अप्पांनी एकट्यानं तीन दिवसांत भिंत उभी केली आणि पाणी मी वाहिलं. तेव्हा आम्ही इथल्याच, बेंगळुरातल्या शिवाजीनगरात राहायचो; आमच्या गल्लीत कुणी नवं भाडेकरू आलं की त्याला पहिल्या आठवड्यात ती भिंत ऐकावी लागायची.

मग आठ वर्षांपूर्वी पद्मम्मांच्या मुलाला, रघुअण्णाला, बंगल्याचं हॉटेल करायचं मनात आलं. जुन्या गच्चीच्या एका भागावर सहा खोल्या, उरलेल्या भागावर पाण्याची नवी टाकी, खाली जेवणाचं मोठं दालन. दालनासाठी ती मधली भिंत काढायची होती. मी साठी ओलांडली होती, तरी त्यानं मलाच बोलावलं. जुनी गच्ची, जुना चुना, दुसरा कोण होता?

त्याचा इंजिनियर मंजुनाथ म्हणून, पोरसवदा, खिशाला चार पेनं. त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं, वर तुळईकडे पाहिलं, आणि म्हणाला की आधी एक भोक पाडून बघू, भिंत भार घेत असेल तर. मी सगळ्या मजुरांसमोर हसलो. म्हणालो, "तू कागद वाच बाबा, भिंत मी वाचतो. घर आधीचं, भिंत मागाहूनची. माझ्यासमोर उभी राहिलेली. मागाहून आलेल्या सुनेनं घराचा भार घेतलेला कुठं बघितलायस?" मजूर हसले. मंजुनाथही हसला, पण त्यानं मान हलवली. "सरी अण्णा, ठीक आहे. पण स्वल्प थांबा. उद्या सकाळी मी येतो, मग हात लावा."

मी थांबलो नाही. तो फाटकाबाहेर पडला आणि मी पहार उचलली.

पद्मम्मा सोप्यावर खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीला आलेल्या, पण आवाज खणखणीत. पहिले ठोके पडले तसं त्यांनी तिथूनच विचारलं की काय पाडताय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. ती भिंत मी कधीच मागितली नव्हती. तुझा अप्पा हात जोडून आला होता, अम्मा, घराला बरी आहे म्हणून. पन्नास वर्षं मी अंधाऱ्या खोलीत देव ठेवले."

पहार माझ्या हातात होती. त्या क्षणी खाली ठेवायला हवी होती. पण मजूर बघत होते. माझ्या मनानं म्हातारीच्या डोक्याला दोष दिला आणि मी पुढचा घाव घातला.

दुपारपर्यंत भिंत दोन्ही कडांनी कंबरेएवढी उतरली. मधला भाग राहिला होता, तो मी स्वतः घेतला. एक वीट काढली आणि आत लाकूड दिसलं. भिंतीच्या पोटात सागाचा खांब उभा होता, तळाशी दगडावर, वर तुळईच्या बुडाला लोखंडी पाचरांनी घट्ट ठोकलेला. आणि खांबाला लागून चुन्यात उमटलेला एक पंजा. मधल्या बोटाचं पेर नसलेला.

काम मनासारखं झालं की अप्पा चौकटीवर, चार लोकांना दिसेल असा पंजा उमटवत. गावात त्यांचे कितीतरी पंजे होते. हा एकच असा होता जो कुणी बघू नये म्हणून भिंतीआड ठेवलेला. आतून घराला हात लावून उभे असावेत तसा.

मला सगळं कळलं. ऊस मोडल्याचा आवाज, थांबलेलं गाणं, ती भुकटी. बांबू मोडला नव्हता, तुळई तडकली होती.

इथं मी जे केलं ते आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. मजुरांना मी जेवायला पाठवलं. खांबाचं बूड बघितलं तर वाळवीनं पोखरलेलं. मी स्वतःला सांगितलं, हा फुसका खांब पन्नास वर्षं काहीच धरत नव्हता, तुळई आपल्या आपण उभी आहे. सकाळी मंजुनाथ येणार होता. तो हा खांब बघणार, मजुरांसमोर माझ्याकडे बघणार, आणि अप्पांकडेही. मी पाचरा सैल केल्या. एक, दोन, तीन. खांब माझ्या अंगावर आला, म्हाताऱ्या माणसासारखा, हलका. मी तो ओढत नेऊन मागच्या शेडमध्ये कोळशाच्या पोत्यांमागे टाकला. पंजाचा चुना पहारेनं फोडला.

काही झालं नाही. मी दालनाच्या मधोमध उभा होतो आणि काहीही झालं नाही. एवढी भीती मला आवाजाची कधी वाटली नव्हती.

सकाळी मंजुनाथ आला, मोकळं दालन बघितलं, रागावला. मग शिडी मागवली, पण तोवर मी तुळईला काळं पॉलिश लावून ठेवलं होतं. तडा पॉलिशखाली होता. त्याच्याही खाली अप्पांनी भरलेली चुन्याची नि काजळीची लांबी, म्हणजे भेग बुजवायचा लगदा, होता. बाप-लेकानं एकच भेग दोनदा रंगवली.

पण माझ्या हातांना राहवेना. कुणी नसताना मी शिडीवर चढून तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. आमच्यात ही जुनी रीत आहे. लाकूड वाकतं, भिंत सरकते, डोळ्याला कळत नाही. काचेला वाकता येत नाही. भेग केसभर हलली तरी ती तुटते. सकाळच्या उन्हात खालून बघितलं की पट्टी एक रेघ होऊन चमकायची. तुटली तर दोन रेघा दिसणार.

त्यानंतर रोज सकाळी साडेआठला मी त्या दालनात. खाली रंग चालू, खिडक्यांना पडदे लागताहेत, केरळहून आलेल्या वेताच्या खुर्च्या उतरताहेत, आणि मी मान वर करून उभा. रघुअण्णा पाहुण्यांना सांगायचा की बघा, या वयात याचा जीव किती कामात. घरी ताटातला घास तोंडात तसाच राहायचा. वरच्या मजल्यावर कुणी खाट सरकवली तरी मी दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहायचो. चौकट पडत नाही, हे लहानपणी शिकलेलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी गाय आणली होती. तिला सोप्यावरून आत फिरवली. दूध उतू घातलं. झेंडूचा नि तुपाचा वास, सनईची कॅसेट, रेशमी साड्या. न्याहारी गच्चीवर ठेवली होती, शंभरेक माणसं जिन्यानं वर जात होती. नव्या टाकीत त्याच दिवशी पहिल्यांदा पाणी चढवलं होतं, ते पडल्याचा आवाज नळातून खाली येत होता. दालनात सुनांनी पद्मम्मांची खुर्ची आणून ठेवली होती. बरोबर तुळईखाली, कारण तिथं आता उजेड होता.

ऊन तुळईवर पोचलं. मी पाहिलं. दोन रेघा.

मला वाटलं डोळे फसवताहेत. जागा बदलली, परत पाहिलं. दोन. आणि पद्मम्मांच्या केसांवर एक पांढरा कण होता. मी तो बोटानं उचलला. हिरड्याचा वास पन्नास वर्षांनी राहत नाही हे मला माहीत आहे. मला तो आला.

मी त्यांच्या खुर्चीला मागून धरलं आणि खुर्चीसकट सोप्यावर ओढत नेलं. त्या मला शिव्या घालत होत्या. मग मी जिन्याखाली उभा राहून ओरडलो, सगळे खाली उतरा, टाकीतलं पाणी सोडा. सनई कुणीतरी बंद केली. रघुअण्णा पायरीवर आला, कपाळाला गंध, म्हणाला की प्यायलास काय. त्याच्यामागे मंजुनाथ होता. मी त्या पोराकडे बघून बोललो.

"भिंतीत खांब होता. मी काढला. माझी चूक आहे."

जन्मात हे तीन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. मंजुनाथ एका शब्दानं टाकून बोलला नाही. माझ्याकडे न बघता तो वर गेला, माणसं एकेक करून भिंतीच्या कडेकडेनं खाली आणली, टाकीचा नळ सोडला. बागेत पाण्याचा लोट आला. गाय ते पाणी प्यायली.

खांब कुणी ठेवला होता, हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अप्पांचं नाव तेवढं वाचवलं असं मला वाटलं.

चार दिवस लोखंडी टेकू लागले, मग दालनाच्या मधोमध हा दगडी खांब बसला, आणेकलच्या खाणीतला. मंजुनाथनं मला मापं विचारली, पण पाचरा ठोकायला दुसरा गवंडी लावला. नवी काचेची पट्टी मात्र माझ्या हातून लावून घेतली. शिडी त्यानं धरली होती. मी खाली उतरल्यावर म्हणाला, "अण्णा, आता कागद कोण वाचणार आणि भिंत कोण?" मी म्हणालो, दोन्ही तू वाच. परत त्या घरी गेलो नाही.

तर परवाचा रविवार. कॉफी आली. संदीप खांबाकडे बघून म्हणाला, "दालन भारी आहे, पण हा खांब फारच मधे आलाय ना?" मॅनेजर शेजारीच होता. तरुण, टाय लावलेला, कुठला उत्तरेकडचा. रघुअण्णानं हॉटेल दोन वर्षांपूर्वी विकलं, हे त्याच्याकडूनच कळलं. हिंदीत म्हणाला की सगळे पाहुणे हेच म्हणतात, कुणा मूर्खानं शोभेसाठी मधेच ठोकलाय, छत तर आधीपासून उभं आहे. पुढच्या सोमवारपासून काम सुरू. खांब काढणार, संध्याकाळी गाणी-बजावणी ठेवता येतील.

मी हातातली बशी टेबलावर ठेवली.

मी मॅनेजरला म्हणालो की खांब काढू नका, तुळईला तडा आहे, तड्यावरच्या काचेच्या रेघा मोजत जा. तो गोड हसला. "अंकल, कॉन्ट्रॅक्टर ने देख लिया है." मी विचारलं की कॉन्ट्रॅक्टर वर चढला होता का. त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला की एवढ्या सुंदर तुळईला तडा जाईलच कशाला, कुणी सांगितलं तुम्हाला?

तिथं मला कळलं, की त्या दिवशी जिन्याखाली मी अर्धंच बोललो होतो. अर्ध्या बोलण्यावर दगड उभा केला होता, आणि दगडाला आपण का उभे आहोत हे सांगता येत नाही.

मी खुर्ची सरकवली, खांबाला पाठ लावून बसलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत, दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "माझ्या बापाच्या हातून ही तुळई मोडली. त्यानं ती लपवली. मग मी त्याचा टेकू काढला आणि तोही लपवला. तुमच्या मालकाला बोलवा. तो येऊन वर चढेपर्यंत मी इथून उठणार नाही."

संदीपचं तोंड उघडं राहिलं होतं. घरी त्या भिंतीची गोष्ट त्यानंही ऐकली होती, साखरपुड्याला.

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, मग संदीपकडे, याला घेऊन जा अशा नजरेनं. संदीप उठला. मला वाटलं, आता हा माझा दंड धरणार. त्यानं आपली खुर्ची उचलली, खांबाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बसला. पुण्याच्या माणसाचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं.

खिडकीच्या माकडटोपीतून वारा शीळ घालत होता. आणि तेवढ्यात वरच्या खोलीत कुणीतरी पलंग ओढला.

दालनातल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या. आठ वर्षं लोक इथं जेवत होते, एकानं छताकडे पाहिलं नसेल. मॅनेजर हसायचा थांबला होता. तो मागे मागे सरकत दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. चौकटीचं त्याला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. तिथून हळूच म्हणाला, "अंकल, ती काच... किती रेघा दिसायला पाहिजेत?"

"एक," मी म्हणालो. "माझे डोळे गेलेत. तुम्ही मोजा."